बिजलीची झोप आणि फोरकास्टचा फंडा

ऑफिसात फोरकास्ट चुकला तर फार तर बॉस ओरडतो. ऑपरेशन टेबलावर चुकला तर? कुत्र्यांना किती भूल लागेल याचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेल्सची परीक्षा कशी घेतात, हे शोधायला गेले आणि माझ्याच नोकरीतली एक गोष्ट नव्यानं कळली...

"किती औषध लागेल हिला?"

"बघू."

"पण अंदाजे?"

"अगं, अंदाज या सिरिंजमध्ये भरलाय. आता तो बरोबर आहे का, ते बघू म्हणतेय."

स्थळ : पुण्यातलं आमच्या व्हेट मॅडमचं क्लिनिक. वेळ : सकाळी साडेनऊ. टेबलावर आमची बिजली. वय वर्षं ७, वजन २४ किलो, जात कारवानी. लांब पाय, निमुळतं तोंड, अंगावर चरबीचं नाव नाही. पोटाखाली एक गाठ आली होती, ती काढायची होती. बिजली घाबरू नये म्हणून मॅडमनी मला भूल चढेपर्यंत आत थांबायची परवानगी दिली होती. बिजली तिला आधी दिलेल्या गुंगीच्या इंजेक्शनमुळे निवांत होती. घाबरले होते मी.

आता माझी अडचण सांगते. मी पोटापाण्यासाठी फोरकास्ट करते. पुढच्या तिमाहीत किती माल खपेल, कुठल्या गोदामात किती ठेवायचा, असले आकडे. त्यामुळे कुणी 'बघू' म्हटलं की मला घाम फुटतो. अहो, मॉडेल नाही का तुमच्याकडे? फॉर्म्युला? निदान एक्सेल शीट?

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "मॉडेल आहे ना. कुत्र्यांसाठी वेगळं केलेलं आहे. आमच्याकडे तो पंप नाही, पण अशी मॉडेल्स कशी तपासली ते वाच एकदा. तुझ्याच लाइनमधलं आहे."

बिजलीच्या टेन्शनमध्ये तेव्हा नुसतीच मान डोलावली. नंतर मात्र खरंच वाचत बसले. आणि मग सुटलंच नाही.

दुधासारखं औषध

सिरिंजमध्ये होतं ते दुधासारखं पांढरं औषध म्हणजे प्रोपोफोल. नाव कुठं तरी ऐकल्यासारखं वाटतंय? २००९ मध्ये मायकेल जॅक्सन गेला, तेव्हा जगभरच्या बातम्यांत हेच नाव होतं. त्या बदनामीपलीकडे ते माणसांच्या ऑपरेशन थिएटरमधलं अगदी रोजचं औषध आहे. शिरेत गेलं की मिनिटभरात झोप, आणि थांबवलं की पटकन जाग.

गंमत म्हणजे माणसांना झोपवणारं हे औषध शोधण्यात मोठा वाटा आहे तो एका व्हेटचा! जॉन ग्लेन हे स्कॉटलंडचे, ग्लासगोत शिकलेले जनावरांचे डॉक्टर. १९७०च्या दशकात ते इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत भुलीचं नवं औषध शोधत होते. प्रोपोफोल पाण्यात धड विरघळत नाही. म्हणून १९७७ मध्ये माणसांवर चाचण्या सुरू झाल्या तेव्हा ते क्रेमोफोर नावाच्या द्रावकात दिलं गेलं. त्या द्रावकाची काही जणांना ॲलर्जी आली आणि औषध जवळजवळ बादच झालं होतं. ग्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटी सोडली नाही. सोयाबीन तेल आणि अंड्यातलं लेसिथिन वापरून त्यांनी त्याचं इमल्शन बनवलं. पांढरा रंग त्याचाच. १९८६ मध्ये ते बाजारात आलं आणि २०१८ मध्ये ग्लेन यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आता एक साधं गणित. तब्येतीनं ठीकठाक माणसाला झोपवायला किलोमागे साधारण १.५ ते २.५ मिलिग्रॅम प्रोपोफोल लागतं. कुत्र्याला आधी गुंगीचं औषध दिलं नसेल, तर किलोमागे ६.५ मिलिग्रॅमच्या आसपास. या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असतात. म्हणजे ६० किलोच्या मला १२ मिलिलिटर पुरेल आणि २४ किलोच्या बिजलीला १५.६ लागेल! कुत्रा म्हणजे छोटा माणूस नव्हे, हे इथंच कळतं. कुत्र्याचं शरीर हे औषध किलोमागे माणसापेक्षा जास्त वेगानं संपवतं. मग माणसांसाठी केलेलं मॉडेल कुत्र्याला कसं चालेल?

तीन टाक्यांची सोसायटी

पण हे मॉडेल म्हणजे काय प्रकरण आहे? सोसायटीच्या पाण्याचा विचार करा. एक मुख्य टाकी, म्हणजे रक्त. तिला पाइपनं जोडलेल्या आणखी दोन. पहिली पटापट भरते, ती स्नायू वगैरे. दुसरी हळूहळू भरते आणि हळूहळूच रिकामी होते, ती मुख्यतः चरबी. शिवाय मुख्य टाकीला एक नळ कायम उघडा. तो म्हणजे औषध मोडून टाकणारं लिव्हर.

आता तुम्हाला मुख्य टाकीतली पातळी ऑपरेशनभर एकाच रेषेवर ठेवायचीय. काय कराल? आधी एकदम भरपूर पाणी ओताल. मग नळातून जातंय तेवढं आणि दोन टाक्या ओढताहेत तेवढं घालत राहाल. टाक्या भरत जातील तसतसा ओघ कमी कराल. हेच काम कॉम्प्युटरवर चालणारा पंप करतो. डॉक्टर फक्त टार्गेट देतात, म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये इतके मायक्रोग्रॅम औषध हवं. किती वेगानं सोडायचं, ते पंप दर काही सेकंदांनी स्वतः ठरवतो. याला टार्गेट कंट्रोल्ड इन्फ्युजन म्हणतात, थोडक्यात टीसीआय. माणसांसाठीचा असा प्रोपोफोल पंप, डिप्रिफ्यूजर, १९९६ मध्ये आला. त्यामागेही ग्लेन होतेच.

यातली मेख लक्षात आली? पंपाला रक्त दिसत नाही. स्क्रीनवर '३.०' झळकत असतं, पण ते मोजलेलं नसतं. ती मॉडेलची समजूत असते. टाक्या केवढ्या, पाइप किती जाड, नळ किती उघडा, हे कुणी तरी आधी काही जणांवर मोजून त्यात भरलेलं असतं. आणि टेबलावर झोपलेला जीव त्या काही जणांपैकी नसतो!

पंपाची परीक्षा

म्हणून परीक्षा घ्यावी लागते. ग्लासगो विद्यापीठाच्या व्हेटर्नरी स्कूलमधल्या संशोधकांनी, ग्लेन यांना बरोबर घेऊन, डिप्रिफ्यूजरमध्ये माणसाच्या जागी कुत्र्याचे आकडे भरले. हे काम २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. मला भावलं ते हे, की ज्यांना दातांच्या उपचारासाठी भूल द्यावीच लागणार होती अशा कुत्र्यांवर त्यांनी ही पद्धत तपासली.

परीक्षेची रीत साधी आहे. पंपाला टार्गेट द्यायचं. ठरावीक वेळांनी रक्ताचे नमुने घ्यायचे. प्रयोगशाळेत क्रोमॅटोग्राफी करून त्यात खरोखर किती औषध आहे ते मोजायचं आणि त्याच क्षणी पंप काय म्हणत होता, त्याच्याशी ताडून पाहायचं. पंप म्हणाला ३ आणि रक्तात निघालं ३.६, तर चूक अधिक २० टक्के. म्हणजे कुत्र्याला आपल्या समजुतीपेक्षा जास्त भूल चढलीय. निघालं २.४, तर उणे २० टक्के. म्हणजे तो मधेच जागा होऊ शकतो.

हे वाचताना मी ताठ बसले. अहो, हे तर आमचं फोरकास्ट व्हर्सेस ॲक्चुअल! फक्त आमच्याकडे गोदाम रिकामं राहतं, इथं श्वास थांबू शकतो.

कल शून्य, बॉस खूश

या चुका मोजायची पद्धत व्हार्व्हेल, डोनोहो आणि शेफर या तिघांनी १९९२ मध्ये नीट बांधून दिली. माणसांच्या भुलीच्या मॉडेल्ससाठी असलेली ही पद्धत कुत्र्यांसाठीही वापरली जाते. त्यात चार प्रश्न आहेत. आकडे मी माझ्या मनचे घेते, म्हणजे पटकन कळेल.

समजा, एका मॉडेलच्या पाच चुका अशा आल्या : अधिक ३०, उणे २५, अधिक २०, उणे ३० आणि शून्य. ओळीनं लावून मधला आकडा घ्या. शून्य! हा पहिला प्रश्न : मॉडेल एका बाजूला कललंय का? उत्तर : अजिबात नाही. मीटिंगमध्ये हीच स्लाइड दाखवायची. बॉस खूश.

दुसरा प्रश्न : अधिक-उणे विसरून चूक केवढी होते? आता मधला आकडा येतो २५. म्हणजे बाजू नाही, पण नेम चुकतोय चांगलाच.

आता दुसरं मॉडेल घ्या. चुका : अधिक १८, २०, २०, २१, २२. कल २०, चूकही २०. पहिल्या परीक्षेत हे नापास वाटतं. पण तिसरा प्रश्न विचारा : हे मॉडेल स्वतःच्याच चुकीभोवती किती डगमगतं? पहिल्याचं उत्तर २५, दुसऱ्याचं फक्त १. दुसरं मॉडेल चुकतं, पण दरवेळी तेवढंच आणि त्याच बाजूला! मग टार्गेट तेवढ्या हिशेबानं कमी ठेवलं, की काम झालं. रोज दहा मिनिटं उशिरा येणारी लोकल परवडते, कारण आपणही दहा मिनिटं उशिरा निघू शकतो. कधी पाच मिनिटं आधी तर कधी वीस मिनिटं उशिरा येणारीचं काय करायचं?

चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : वेळ जाईल तशी चूक वाढते का? पहिल्या दहा मिनिटांत शहाण्यासारखं वागणारं मॉडेल दुसऱ्या तासात भरकटत असेल, तर छोट्या ऑपरेशनमध्ये ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. मोठ्या ऑपरेशनमध्ये मात्र महागात पडेल.

आणि पास व्हायला किती मार्क लागतात? कल १० ते २० टक्क्यांच्या आत आणि एकूण चूक २० ते ४० टक्क्यांच्या आत असेल, तर मॉडेल वापरण्याजोगं मानतात. चाळीस टक्के! मी माझ्या कंपनीत असा फोरकास्ट दिला, तर दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची दुसऱ्याला जाईल. पण जिवंत शरीरं अशीच असतात. एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांना तेच औषध त्याच वेगानं दिलं, तरी रक्तात वेगवेगळं भरतं. हे मान्य करून मगच पास-नापास ठरवायचं, यात मला प्रामाणिकपणा दिसला.

आकडा स्क्रीनवर, डोळे कुत्र्यावर

बरं, रक्तातला आकडा बरोबर आला म्हणजे झोप बरोबर लागली, असंही नाही. झोप रक्तात लागत नाही, मेंदूत लागते. औषध तिथं पोचून परिणाम दिसायला थोडा वेळ जातो, आणि त्या उशिराचंही वेगळं गणित आहे. घाईनं जास्त औषध ढकललं तर मेंदूला उशिरानं एकदम दणका बसतो आणि श्वास थांबतो. प्रोपोफोलचा हा सर्वांत ओळखीचा धोका.

म्हणून पुढची पायरी असते परिणाम तपासण्याची. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांना झोपवण्यासाठी मिलिलिटरमागे २.५, ३, ३.५ आणि ४ मायक्रोग्रॅम अशी चार टार्गेट्स ताडून पाहिली. प्रश्न व्यवहारातले होते : श्वासनलिकेत नळी घालता आली का? श्वास थांबला का? खालची टार्गेट्स सगळ्यांना पुरेना, तर सर्वांत वरच्या टार्गेटला श्वास थांबण्याचं प्रमाण वाढलं. मधलं ३.५ त्यातल्या त्यात सोयीचं ठरलं.

'त्यातल्या त्यात' हे शब्द महत्त्वाचे. कारण आकडा काही सांगो, भूल देणारा माणूस पापणीला बोट लावून बघतो, जबडा किती सैल पडलाय ते बघतो, डोळ्याचं बुबुळ खाली वळलंय का, बोटांमध्ये चिमटा काढल्यावर पाय ओढला जातो का, हे बघतो. मॉडेल सुरुवात कुठून करायची ते सांगतं. कुठं थांबायचं, ते कुत्रा सांगतो.

ग्रेहाउंडची गोष्ट

आणि आता ज्या भागामुळे मी रात्री दीड वाजेपर्यंत जागी राहिले, तो.

शर्यतीत धावणारे ग्रेहाउंड भुलीतून उशिरा जागे होतात, हे व्हेट मंडळींना फार पूर्वीपासून माहीत होतं. थायोपेंटल या जुन्या औषधानं तर ते फारच उशिरा उठायचे. कारण सोपं वाटायचं : अंगावर चरबी नाही, म्हणजे तिसरी टाकी लहान, म्हणजे औषध रक्तातच राहतं. पटण्यासारखं आहे की नाही? मॉडेलच्या चित्रातही चपखल बसतं. १९९३ मध्ये मिश्र जातीचे कुत्रे आणि ग्रेहाउंड यांना प्रोपोफोल देऊन तुलना केली, तेव्हाही ग्रेहाउंड औषध सावकाश संपवतात आणि उशिरा उठतात, हेच दिसलं.

पण पुढच्या संशोधनात बोट चरबीपेक्षा लिव्हरकडे वळलं. प्रोपोफोल मोडायचं काम करणारं एक एन्झाइम ग्रेहाउंडमध्ये कमी पडतं. म्हणजे टाकी लहान असण्यापेक्षा नळच कमी उघडा! २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी या एन्झाइमच्या जीनमधले बदलही दाखवून दिले. हे बदल ग्रेहाउंडच्या नात्यातल्या काही जातींत सापडलेच, पण काही थोड्या गोल्डन रिट्रीव्हर आणि लॅब्रेडॉरमध्येही सापडले. म्हणजे तुमच्या सोफ्यावर लोळणारा गुबगुबीत लॅबसुद्धा, अंगावर भरपूर चरबी असून, आतून थोडासा ग्रेहाउंड असू शकतो.

मला यातून काय कळलं? मॉडेलची चूक एका जातीत सतत एकाच बाजूला पडते, तेव्हा ती नुसती चूक नसते, ती बातमी असते. मी आजवर असल्या चुकांवर 'आउटलायर' असा शिक्का मारून त्या शीटमधून उडवत आलेय. खरं सांगते, त्या रात्री त्यातल्या दोन-तीन आठवून ओशाळले.

आणि बिजली?

परत त्या सकाळी जाऊया. कारवानी हा आपल्या महाराष्ट्रातला, लातूर-सोलापूरकडच्या माळावर सशामागे धावणारा शिकारी कुत्रा. अंगयष्टी थेट ग्रेहाउंडच्या वळणाची. मॅडमनी तेवढ्यावरून काही गृहीत धरलं नाही आणि काही नाकारलंही नाही. आधी गुंगीचं औषध दिलेलं असलं, की हिशेब किलोमागे ४ मिलिग्रॅमवर येतो. २४ किलोला ९६ मिलिग्रॅम, म्हणजे ९.६ मिलिलिटर. तेवढं सिरिंजमध्ये भरलेलं होतं.

मग त्यांनी ते ढकललं नाही. थोडं दिलं, थांबल्या. पापणीला बोट लावलं. आणखी थोडं दिलं. घड्याळाकडे बघितलं. मला वाटत होतं, अहो देऊन टाका ना एकदाचं! बिजलीची मान माझ्या हातावर जड झाली. आणखी थोडं. जबडा सैल. "बस," मॅडम म्हणाल्या आणि सिरिंज बाजूला ठेवली. तिच्यात अजून पांढरं औषध शिल्लक होतं. नळी घातली, गॅस सुरू झाला आणि मला बाहेर पाठवलं.

ऑपरेशन पाऊण तासाचं. नंतर बिजलीला उठायला वेळ लागला. मी बाहेरच्या बाकावर बसून आईचे तीन फोन घेतले. "उठली का गं?" "नाही अजून." "अजून नाही?" चौथ्या फोनच्या वेळी दार उघडं होतं. आत मॅडम टेबलाशेजारी स्टुलावर बसल्या होत्या, एक हात बिजलीच्या छातीवर ठेवून. मॉनिटर सुरू होता, तरीही. थोड्या वेळानं बिजलीनं जीभ बाहेर काढली, नाक चाटलं आणि माझ्याकडे 'तू कोण?' अशा नजरेनं बघितलं. इतकी छान नजर मी आयुष्यात बघितली नव्हती.

गाठीचा रिपोर्ट नंतर आला. साधी गाठ होती.

निघताना फाइल हातात दिली. आत मॅडमच्या अक्षरात एक ओळ होती : 'प्रोपोफोल – अंदाज ९.६, लागले ७. जाग सावकाश.' मी रिक्षातच गणित केलं. उणे २७ टक्के. हा पंपाच्या परीक्षेतला आकडा नाही, आणि एका कुत्रीच्या एका सकाळीवरून काही सिद्ध होत नाही, हेही मला कळतं. पण पुढच्या वेळी जो कुणी बिजलीला झोपवेल, त्याच्या अंदाजापाशी तिची स्वतःची एक ओळ असेल.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी फोरकास्टच्या शीटमध्ये एक नवा कॉलम घातला. नाव दिलं, 'चुकलो तेव्हा कुणीकडे?' बॉसनं विचारलं, हे काय नवीन? म्हटलं, बघू!

तुमच्या कुत्र्याला भूल द्यायची असेल तर...

• वजन त्याच दिवशी क्लिनिकमध्ये करून घ्या. सगळे हिशेब किलोवर चालतात.
• कारवानी, पश्मी, मुधोळ, ग्रेहाउंड, व्हिपेट अशा सडपातळ शिकारी वळणाचा कुत्रा असेल, किंवा मिश्र जातीत तसं रक्त असेल, तर आधीच सांगा.
• पूर्वी कधी भूल दिली असेल तर ती फाइल घेऊन जा. किती औषध लागलं, जाग यायला किती वेळ लागला, हे डॉक्टरांना फार उपयोगी पडतं. नोंद नसेल तर या वेळी करून मागा.
• चालू असलेली सगळी औषधं सांगा. फिटची गोळी असेल तर आवर्जून. तिच्यामुळे लिव्हर भुलीचं औषध मोडण्याचा वेग बदलू शकतो.
• उपाशी किती वेळ ठेवायचं, ते डॉक्टरांनाच विचारा. 'एकच बिस्किट' नको!
• भूल चढल्यावर आणि उतरताना कुत्र्याजवळ कोण बसणार, हे बिनधास्त विचारा. मशीन कुठलं आहे, याच्याइतकाच तो प्रश्न महत्त्वाचा आहे.